पाण्यात वाळा घालू नये

कुंदा,

तू गेलीस यावर माझा विश्वास बसत नाही. असं सगळेच म्हणतात, डोळे पुसत म्हणतात. माझं तसं नाही. मला खरोखरच संशय आहे. तू जिन्याच्या वळणावर कुठेतरी उभी असशील, हातात वही, आणि कुंदा गेली म्हटल्यावर कोण काय बोलतं, कोण किती रडतं, ते लिहून घेत असशील. तू त्याला निरीक्षण म्हणायचीस. आमच्याकडे त्याला चोंबडेपणा म्हणतात.

तर लिहून घे. पहिल्या मजल्यावरची इंदू रडली नाही. आज दहा दिवस झाले. ती विचारात आहे.

विचार असा, की येत्या रविवारी गच्चीवर तुझी शोकसभा ठेवलीय. सेक्रेटरींनी खालच्या फळ्यावर खडूने लिहिलंय, पण तुझ्या नावावरचा अनुस्वार द्यायचा राहिला, त्यामुळे सध्या तू 'कुदा' आहेस. अध्यक्ष तेच, मुख्य वक्तेही तेच. काल मला जिन्यात गाठून म्हणाले, "इंदूताई, तुम्ही पण दोन शब्द बोला हां. ती तुमच्या संशयाची गोष्ट सांगा. लोकांना आवडते." मी मान हलवली, घरी आले, दार लावलं आणि स्वतःला म्हटलं, इंदे, मेलीस आता.

कारण ती गोष्ट तू सांगायचीस. तुझी गोष्ट सगळ्या मुलुंडला पाठ आहे. माझी कुणालाच माहीत नाही. ती आधी तुला सांगते. या वेळी तू मध्येच तोडणार नाहीस, एवढाच तुझ्या जाण्याचा फायदा.

पहिल्यांदा माझ्या दारात आलीस ते आठवतंय? संप चालू होता. गिरण्या बंद, त्यामुळे आमचे हे दिवसभर घरात. त्यांचा संप आणि माझी डबल ड्यूटी. तळमजल्यावर नवीन बाई राहायला आल्यात, शाळेत विज्ञान शिकवतात, लग्न केलेलं नाही, टिकलीसुद्धा लावत नाहीत, एवढी माहिती आम्ही बायकांनी दोन दिवसांत गोळा केली होती. निरीक्षण आम्हालाही येत होतं गं. मग तू खांद्याला झोळी अडकवून दारोदार हिंडायला लागलीस आणि माझी खात्री पटली, ही कुटुंबनियोजनवाली. बेल वाजली तशी मी दार बोटभर उघडलं आणि तू तोंड उघडायच्या आत म्हटलं,

"दोन आहेत. ऑपरेशन झालंय. पुढं जा."

"अहो, मी त्यासाठी नाही आले. मला फक्त नमुना हवाय."

"नमुना? तो आत झोपलाय. उठवू?"

तू हसली नाहीस. "पाण्याचा नमुना," म्हणालीस, वर्गातल्या आवाजात. आतून ह्यांनी विचारलं, "कोण गो?" मी म्हटलं, "तुमका न्हेवक इलेत, पण आता पाणीच होया म्हणतत." तेव्हा मात्र तू इतकी हसलीस की झोळीतल्या बाटल्या वाजल्या.

बिल्डिंगीत तिघांना कावीळ झाली होती. तुझं म्हणणं, ती पाण्यातून येतेय. खालच्या टाकीजवळून गटाराची लाइन जाते, तिथेच कुठेतरी मुरत असणार. पण सेक्रेटरी टाकी उघडू देत नव्हते. सबळ पुरावा आणा, म्हणायचे. म्हणून तू पुरावा गोळा करायला निघाली होतीस. खोकल्याच्या औषधाच्या जुन्या बाटल्या उकळून घेतलेल्या, प्रत्येकीत औषध लावलेली कागदाची एक पट्टी.

"पाणी भरायचं, झाकण लावायचं, दीड दिवस ठेवायचं," तू समजावलंस. "पाणी काळं झालं तर त्यात घाण मिसळतेय. तसंच राहिलं तर ठीक."

"आणि तपासायला कोण येणार?"

"कोणी नाही. तुम्हीच."

"तसं नव्हे. साहेब कोण?"

"साहेब नाहीच. तुम्हीच भरायचं, तुम्हीच बघायचं, वहीत तुम्हीच लिहायचं."

इथे माझा संशय दुप्पट झाला. तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते. अक्कल यायला ते वय पुरेसं असतं म्हणतात, पण माझी अक्कल नातवाबरोबर आली, त्याआधी नाही. तेव्हाच्या इंदूचा ठाम सिद्धांत होता, ज्या कामाला साहेब लागत नाही त्यात काहीतरी घोळ असतो. मी खालच्या बाजूला सांगितलं, फिल्टर विकणारी आहे, आज बाटली, उद्या फिल्टर. वरच्या बाजूला सांगितलं, तिला नगरसेवकाचं तिकीट पाहिजे. दोन्ही अफवा जिन्यात एकमेकींना भेटल्या आणि संध्याकाळी माझ्याच घरी परत आल्या, की तळमजल्यावरच्या बाई फिल्टर या निशाणीवर उभ्या राहणार आहेत.

तरी बाटली घेतली. सगळ्यांनीच घेतली. तुझं सोडून चोवीस बिऱ्हाडं, चोवीस बाटल्या, प्रत्येकीवर खोलीचा नंबर चिकटवलेला. सोबत कागद, तुझ्या सुबक अक्षरात: 'या बाटलीत आपल्या घरातील पिण्याचे पाणी खुणेपर्यंत भरावे.'

पिण्याचे पाणी. कुंदा, तू शिकलेली होतीस, पण एकटी राहायचीस, एका पातेल्यात तुझा संसार. आमच्या घरात पाणी दोन जातींचं असतं. एक वापरायचं, ते नळाला येतं. दुसरं पिण्याचं. ते पहाटे नळाला धोतराचं फडकं बांधून गाळलेलं असतं, तुरटी फिरवलेलं असतं, कावीळ निघाल्यापासून तर उकळलेलं आणि निववलेलं असायचं, आणि मग ते माठात जायचं. माझ्या माठात वाळ्याची जुडी असायची. वाळ्यावरही माझा विश्वास नव्हता, तोसुद्धा आधी उकळून घ्यायचे. अख्ख्या बिल्डिंगीत वाळा फक्त माझ्याकडे. पाहुणा पहिला घोट घ्यायचा आणि डोळे मिटून म्हणायचा, वा, इंदूताईंचं पाणी! मला दुसरा कसला माज करायची सोय नव्हती. एवढा एकच होता.

तू पिण्याचं पाणी मागितलंस, मी पिण्याचं पाणी दिलं. माठातलं.

आता सगळंच सांगते. भरताना क्षणभर हात थांबला होता. नळाखाली धरावी का, असं मनात आलं होतं. मग नंबराकडे लक्ष गेलं. माझ्या खोलीचा नंबर लावलेली बाटली, ती शाळेतल्या बाईंच्या घरी जाणार, चार लोक बघणार, आणि आत वापरायचं पाणी? मी माठात पेला बुडवला. वर बाटली बाहेरून राखेने घासून लख्ख केली. एवढी सुंदर बाटली तुझ्या झोळीत दुसरी नसेल.

दीड दिवसाने गच्चीवर सभा. पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर चोवीस बाटल्या ओळीने. तेवीस स्वच्छ आणि एक काळी, काजळ कालवल्यासारखी. ती तिसऱ्या मजल्यावरच्या कदमांची. त्यांची बायको गावाला गेली होती.

सेक्रेटरी खूश. "चोवीसात तेवीस पास! बाई, तुमच्या शाळेचा तरी एवढा निकाल लागतो काय?" लोक हसले. "आता या एका कदमांसाठी टाकी उपसायची, सगळ्यांचं पाणी बंद ठेवायचं? काय ते बोला."

कुणीतरी म्हणालं, "घरात बाईमाणूस नाय ना. बाटली विसळली नसणार."

"विसळू कशाला?" कदम वैतागले. "बाई म्हणाल्या भरा. नळाखाली धरली, भरली, दिली. माझं काय चुकलं सांगा ना."

सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने मी. आणि हसता हसता मध्येच थांबले. नळाखाली धरली.

खाली आले, पाणी प्यायला पेला भरला, तोंडाशी नेला आणि वाळ्याचा वास आला. तेवढ्यात सगळं समजलं. माझ्या बाटलीत कधी काही काळं होणारच नव्हतं. टाकीचं पाणी मी तुला दिलंच नव्हतं. मग आजूबाजूच्या दारांकडे बघितलं. बाकीच्या बावीस जणींनी तरी कुठलं दिलं असेल?

आणि कपाटावर सुमनचं पत्र. माझी लेक, पहिलटकरीण, सातवा लागलेला, शनिवारी बाळंतपणाला येणार होती. आमच्या डॉक्टरांनी मला आठवडाभर आधीच बजावलं होतं, "पोटुशीला कावीळ झाली तर खेळ नसतो, आजी." मला आजी म्हणाले, म्हणून मी रागावले होते. त्यांचं वाक्य आता आठवलं. पिण्याचं पाणी उकळता येतं गं. चूळ भरायचं, भाजी धुवायचं, आंघोळीत तोंडात जातं ते, किती पाणी उकळणार? आणि येऊ नको म्हणून कळवायचं तर तिच्या सासरी एका खोलीत आठ माणसं.

टाकी उघडायला हवी होती. ती उघडू नये म्हणून पुरावा मी दिला होता, वर राखेने घासून.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्याकडे आले. तू धुतलेल्या बाटल्या खिडकीत उपड्या घालत होतीस. एक तुझ्या हातात होती, फडक्याने पुसत होतीस. मी रात्रभर वाक्य तयार केलं होतं: कुंदाताई, मी तुम्हाला माठातलं पाणी दिलं. सहा शब्द. शाळेतल्या पोरालाही जमले असते.

"मला संशय येतोय," मी म्हटलं.

"कशाचा?"

तू ज्या तऱ्हेने विचारलंस ते मला आज दिसतंय. मान तिरकी, ओठ मिटलेले, आणि नाकाशेजारी ती हसू दाबल्याची सुरकुती. तेव्हा मला काही दिसलं नाही. मला माझी अब्रू दिसत होती.

"तुमच्या पट्ट्यांचा," मी म्हटलं. "शिळ्या असतील."

तू बाटली पुसत राहिलीस. कोरडी झालेली बाटली किती वेळ पुसायची?

"असतील," तू म्हणालीस. "परत करू या. या वेळी मी स्वतः नळावर येते. तुम्ही बरोबर याल?"

गेले. चोवीस घरं, तू बाटली धरणार, मी नळ सोडणार. दीड दिवसाने चोवीसच्या चोवीस काळ्या. गच्चीवर कोणी हसलं नाही. फक्त कदम म्हणाले, "म्हणजे पयल्या परीक्षेत मी एकटाच पास झालेलो." आणि तेवीस बायका, ज्यांचं कधी कपड्यांच्या दोरीवरूनही एकमत झालं नाही, त्या एका गोष्टीवर एकदम गप्प राहिल्या. पहिल्या वेळी पाणी स्वच्छ कसं होतं, हे एकीनेही तोंडातून काढलं नाही.

तेव्हा तू उभी राहिलीस. "पहिल्या वेळच्या पट्ट्या जुन्या होत्या. चूक माझी. हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं, इंदूताईंच्या लक्षात आलं. त्यांना संशय आला. विज्ञान इथूनच सुरू होतं." टाळ्या पडल्या, आणि मी, निर्लज्ज, पदर सावरून नमस्कार केला.

टाकी उघडली. गटाराची लाइन फुटलेली होतीच. काय निघालं ते लिहीत नाही, तू जेवून वाचत असशील. सुमन शनिवारी आली, पण टाकीचं काम पुरं होईपर्यंत मी तिला तुझ्याकडच्या पिंपातलं पाणी दिलं, तुझ्या शाळेतून आणलेलं. तू ते रिक्षातून आणायचीस. माझा नातू धडधाकट जन्मला, साडेसात पौंड, आणि मला पहिली शहाणपणाची गोष्ट शिकवली, की आजी होण्यात रागावण्यासारखं काही नाही.

त्यानंतर तू मला सोडलं नाहीस. भांडुप, कांजूर, विक्रोळी, घाटकोपर. जिथे कावीळ, तिथे तू, तुझी झोळी, आणि शोभेला मी. मला अहो इंदूताईवरून अगं इंदूवर कधी आणलंस तेही कळलं नाही. प्रत्येक सभेत तू भाषण ठोकायचीस. विज्ञान कुणा पांढऱ्या कोटवाल्यांच्या बापाचं नाही, असं तू थोड्या सभ्य शब्दांत सांगायचीस. मग माझ्याकडे बोट. "ही इंदू. हिला संशय आला." बायका वळून बघायच्या. मी गंभीर चेहरा करायचे, जणू मला लहानपणापासून संशय येत होता.

सूचनांचा कागद तू नंतर सुधारलास, सायक्लोस्टाइल करून घेतलास. त्याचे गठ्ठे मीच वाहिले. वाचला कधीच नाही. मी कशाला वाचू? त्यातला शोध माझाच ना! घाटकोपरला एक गुजराती बाई तो कागद घेऊन माझ्याकडे आली, एका ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "बेन, आ वाळा शुं छे?" मी कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. म्हटलं, "छोटा बच्चा होता है ना, उसके पाय में घालते हैं. चांदी का. चलता है तो छुमछुम वाजता है." ती बिचारी म्हणाली, "वो पानी में कायकू डालेगा?" मी म्हटलं, "नई डालने का." ती समाधानाने गेली. आणि तू व्यासपीठावर पदरात तोंड खुपसून हसत होतीस, एवढी, की तुला पाणी द्यावं लागलं. मी विचारलं, काय झालं? तू म्हणालीस, काही नाही गं, ठसका.

लिहून ठेव. ठसका.

पण ते हसण्याचं झालं. आता दुसरं. 'शिळ्या पट्टीच्या बाई.' हे नाव सेक्रेटरींनी ठेवलं आणि ते तुला चिकटलं. बिल्डिंगीतली पोरं पट्टीबाई म्हणायची, त्याचं काही नाही. पण भांडुपला त्या चाळीचं पाणी काळं निघालं, आपण बाटल्या घेऊन महापालिकेच्या एका साहेबांसमोर गेलो, तुझ्या बाटल्या, तुझी वही, चाळीतल्या बायकांच्या सह्या आणि अंगठे. साहेबांनी वही उघडलीसुद्धा नाही. म्हणाले, "बाई, तुमच्या पट्ट्या शिळ्या असतात म्हणे. तुम्हीच तुमच्या सोसायटीत कबूल केलंत ना?"

मी तुझ्या शेजारच्या खुर्चीवर होते. मांडीवर एक बाटली होती. मला एवढंच बोलायचं होतं, साहेब, पट्ट्या ताज्या होत्या, पाणी माझ्या माठातलं होतं. मी बाटलीवरचा नंबर नखाने खरवडत बसले. तू वही परत झोळीत ठेवलीस. "उद्या पुन्हा येऊ," म्हणालीस. आणि तू गेलीस, पुढचे सहा आठवडे जात राहिलीस, तोवर त्या चाळीत आणखी लोक आजारी पडत होते. शेवटी काम झालं. ते सहा आठवडे माझे आहेत, कुंदा. ते तुझ्या नावावर लागले.

त्या दिवशी आग्रा रोडवरून बसने परत येताना तू शेंगदाण्याची पुडी उघडलीस. मी विचारलं, "तुला राग नाही आला?"

"कशाचा?"

परत तेच.

"लोकांना विज्ञानात घ्या, विज्ञानात घ्या म्हणतेस," मी चिडून म्हटलं. "आणि लोकांनी खोटं पाणी दिलं तर?"

शब्द निसटला होता. तू शेंगदाण्याचं साल फुंकरीने उडवलंस. "खोटं पाणी कोणी देत नाही, इंदू. मागणाऱ्याला नीट मागता येत नाही."

"वा! म्हणजे पोरांनी कॉपी केली तर छड्या मास्तरला?"

"कधीकधी हो."

"वेडी आहेस."

मग आपला स्टॉप आला. तो वाद तिथेच राहिला, आणि आता तू पळ काढलास. पण मी ऐकून घेणार नाही. तू नीट मागितलं नाहीस हे खरं. 'पिण्याचे' हा शब्द तुझाच. पण माझा हात माठावर थांबला होता, ते मला माहीत आहे. निम्मी चूक तुझी, निम्मी माझी. सगळी स्वतःकडे ओढायची नाही. लोकांना विज्ञानात घ्यायचं तर चुकीतही वाटा द्यावा लागतो, बाई.

परवा तुझी बहीण घर आवरायला आली होती. उरलेल्या कागदांचा गठ्ठा मला देऊन म्हणाली, "हे तुमचंच काम ना?" मी तो स्वयंपाकघरात ठेवला. काल फळ्यावरचं 'कुदा' बघून आले, सेक्रेटरींना हो म्हणून आले, आणि म्हटलं, बोलायचं तर निदान कागद तरी वाचावा. पाच वर्षांत पहिल्यांदा चष्मा लावून बसले.

पहिल्याच ओळीत 'पिण्याचे' गेलं होतं, 'नळाचे' आलं होतं. पाणी गाळू नये. उकळू नये. तुरटी फिरवू नये. माठातले घेऊ नये. बाटली आतून धुऊ नये, बाहेरून घासण्याची गरज नाही. इथे मी चष्मा पुसून परत वाचलं. आणि शेवटी, सातवं:

'पाण्यात वाळा घालू नये.'

भांडुपच्या चाळीत वाळा कोण घालतं गं? विक्रोळीत? कांजूरला? बायका ते वाचून चक्रावल्या असतील. पाच वर्षं ती ओळ माझ्या डोक्यावरून, माझ्याच काखेतून घरोघर गेली.

तुला वास आला होता. त्या संध्याकाळी बाटल्या धुताना झाकण उघडलंस आणि माझा माठ तुझ्या नाकाशी आला. सकाळी मी दारात उभी राहिले तेव्हा तू माझीच बाटली पुसत होतीस. 'कशाचा?' म्हणून विचारलंस ती माझ्यासाठी उघडी ठेवलेली जागा होती, आणि मी त्यात तुझ्या पट्ट्या कोंबल्या. तरी तू 'असतील' म्हणालीस.

मी खूप हसले. नंतर स्वयंपाकघरात बसून जे काय झालं ते तू वहीत लिहायचं नाही.

पण हसून झाल्यावर माझा जुना रोग उफाळला. तुला माहीत होतं, तर दर सभेत ती गोष्ट का सांगायचीस? मला चिमटे काढायला? की एक दिवस मी मध्येच उठून खरं सांगेन, म्हणून वाट बघत होतीस? की सत्कार झालेली बाई काम सोडून पळत नाही, हे तुला ठाऊक होतं, आणि तुला झोळी वाहायला कुणीतरी हवं होतं? हा तिसरा संशय सगळ्यात दाट आहे. तसं असेल तर तू भारी डँबीस होतीस आणि मी उगाच तुला साधी समजले.

आणि दुसरं. 'जे दिसेल तेच लिहा,' असं जगाला शिकवणारी तू, भर सभेत गाळलेलं, उकळलेलं, निववलेलं बोललीस. तेवीस बायकांची लाज राखलीस आणि स्वतःच्या पट्ट्यांना बट्टा लावलास. तूही माठातलंच दिलंस की गं. मग मला नियम कशाला शिकवलेस?

उत्तर देणार नाहीस. बरं.

नातू आता पाच वर्षांचा आहे. पेला दिला तरी घेत नाही, मोरीतल्या नळाला तोंड लावून पितो. मी ओरडते, आणि ओरडून झाल्यावर तो पितो तेवढा वेळ बघत उभी राहते.

रविवारी सेक्रेटरी म्हणतील, दोन शब्द. मी तुझा हा सूचनांचा कागद वाचणार आहे. कुंदाच्या पट्ट्या शिळ्या नव्हत्या, हे मी अध्यक्षांच्या तोंडावर सांगणार, आणि भांडुपचंही सांगणार. बाकीच्या बावीस जणींबद्दल मी एक शब्द बोलणार नाही, ज्याची त्याची बाटली ज्याने त्याने भरली. पण मला संशय आहे, मी खाली बसले की मागून कुणीतरी उठेल.

तर घे कुंदा, आमच्या घरातला नमुना. थेट नळाखाली धरलाय, खुणेपर्यंत भरलाय. गाळलेला नाही, उकळलेला नाही, बाहेरून घासलेलाही नाही. वाळा तर नाहीच नाही.

संशय असला तर वास घेऊन बघ.